हंसाखालचं तोंड

“सर, आपल्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर दरवर्षी तोच हंस काहून राहतो? त्याला मरण न्हाई का?”

हा प्रश्न दहावीच्या ज्योतीनं भर वर्गात, चित्रकलेच्या तासाला, उभं राहून विचारला. प्रश्न तिचा नव्हता. आकांक्षा आणि सपना या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. “विचारलंस तर वारंगा फाट्यावरची भजी आमच्याकडून. न्हाई विचारलंस तर तू भित्री.” आता ज्योतीला काळी म्हणा, ठेंगणी म्हणा, चालतं. भित्री म्हटलेलं चालत नाही.

सगळा वर्ग पोट धरून हसला. चित्रकलेचे खिल्लारे सरही हसले. म्हणाले, “तो हंस म्या न्हाई पाळला बाई. माझ्या आधीच्या सरांकडून वारशात भेटला. तुला नको असंल तर तू काढ दुसरं. ह्या वर्षीचं मुखपृष्ठ तुझं.”

मित्रांनो, अशा रीतीनं दोन प्लेट भज्यांपायी माझा जन्म झाला.

मी त्या मुखपृष्ठाचा पुठ्ठा. माझे भाऊबंद आपली कहाणी सांगताना ‘मी एक जुनी छत्री’, ‘मी एक जुना वड’ अशी सुरुवात करतात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. मी जुना नाही. मी अजून एक पावसाळासुद्धा पाहिलेला नाही. पण माणसाला म्हातारपण वयानं येतं आणि आम्हाला कपाटानं. त्या हिशोबानं मी पार म्हातारा झालो आहे, आणि म्हाताऱ्यासारखा चिडकाही. तेव्हा गोडगोड ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा, मला राग येणार नाही. मला उठून जाणाऱ्यांचा राग येत नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांचा येतो. का, ते पुढं कळेल.

हस्तलिखित म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल. आमच्या शाळेत मुलं दरवर्षी आपल्या हातानं लिहिलेलं एक मासिक काढतात. कविता, निबंध, चुटके, ‘माझी अविस्मरणीय सहल’. छापखाना नाही, काही नाही. प्रत एकच. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे त्याची रेशमी फीत सोडतात, फोटो निघतो, आणि मग ते कपाटात जातं ते जातंच. ते वाचलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

जन्मानं मी कूलरच्या खोक्याची एक बाजू. ज्योतीच्या तांड्यावर, तिच्या घरी, हे खोकं कोपऱ्यात पडलेलं होतं. तिनं कात्रीनं मला कापून काढलं. माझ्या पाठीवर अजूनही काचेच्या पेल्याचं लहानसं चित्र छापलेलं आहे. म्हणजे आत फुटणारी वस्तू आहे, जपून धरा. एवढं साधं चित्रसुद्धा आजवर कोणी वाचलं नाही, मग पोटावरचं कोण वाचणार!

कामाला सुरुवात करण्याआधी खिल्लारे सरांनी तिघींना आपल्या मोबाईलवर काही मुखपृष्ठं दाखवली. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत निघालेल्या मासिकांची. मी टेबलावर आडवा पडून होतो, मलाही दिसली. काय ती चित्रं! तोंडं कुऱ्हाडीनं तासल्यासारखी. डोळे म्हणजे नुसती भोकं. घरं दारू प्यायल्यासारखी कलंडलेली आणि आभाळ रक्तासारखं.

“सर, ह्याला कावीळ झाली का?” सपना म्हणाली.

“आमच्या अंगणवाडीतल्या भावानं काढल्यावानी दिसून राहिलं,” आकांक्षा म्हणाली.

“हसा, हसा,” सर म्हणाले. “लोक तवा बी हसले. पण ह्या चित्रकारांनी डोळ्याला दिसतं तसं काढलं न्हाई. जिवाला लागतं तसं काढलं. भेलेल्या माणसाला घर वाकडं दिसतं ना? मंग काढा वाकडं. राग आला? आभाळ लाल करा. मासिक दुकानात टांगलेलं असंल, तर रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या अंगावर ते मुखपृष्ठ धावून गेलं पाहिजे. त्यानं थांबून विचारलं पाहिजे, काय झालं रे बाबा?”

ज्योती हसली नाही. तिनं मोबाईल हातात घेतला आणि त्या काविळीच्या तोंडाकडं लई वेळ पाहत राहिली.

तरी पहिले काही दिवस तिनं माझ्यावर जे काढलं ते तुमच्या-आमच्या सवयीचंच होतं. उघडं पुस्तक, त्यातून उडणारा पक्षी. खोडलं. समईसमोर वाचत बसलेली मुलगी. तेही खोडलं. खोडरबरानं माझी कातडी सोलून निघाली. मग एका संध्याकाळी ती मला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. तिची आई नानीबाई सुपात तूर निवडत होती. वडील, प्रेमदास, नुकतेच ट्रॅक्टर लावून हात धुवत होते. घरात हे लोक आपसात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात, आईला याडी म्हणतात, वडिलांना बापू. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“ज्योतीसाठी इचारून राहिले,” प्रेमदास म्हणाले. “घर चांगलं हाय. पोरगा गाडी चालवतो.”

“तिची परीक्षा हाय,” नानीबाई सुपातून मान वर न काढता म्हणाली.

“मंग म्या कुठं आत्ताच म्हणून राहिलो? परीक्षा झाली की पाहून घेऊ. थोरल्या संगीचं न्हाई का केलं दहावी झाल्यावर? काय वाईट झालं तिचं?”

नानीबाईनं सूप पाखडलं. फोलपटं उडाली. उत्तर काही उडालं नाही.

त्या क्षणी ज्योतीनं कुंचला उचलला आणि माझ्यावर, मधोमध, एक तोंड काढलं. चेहरा नाही हं, आधी नुसतं उघडं तोंड. विहिरीसारखं. शाळेतून आणलेल्या बाटलीतला काळा रंग वाळून खडा झाला होता, म्हणून ती उठली, बापूच्या ट्रॅक्टरखाली ठेवलेल्या डब्यातलं जळकं ऑइल झाकणात घेऊन आली आणि चुलीतली काजळी त्यात कालवून ते तोंड भरलं. काय वास मारला मी! मग त्या तोंडाभोवती हिरवा चेहरा आला, हनुवटीवर गोंदण आलं, पिवळा गळा आला, आणि वर लाल ओढणी आली, ती ओढणी कमी आणि आग जास्त. मागं पुष्कळ हात. काही कवटाळणारे, काही ढकलणारे. कुठला कोणता ते ओळखू येऊ नये असे.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा अभ्यासाचं निमित्त करून बघायला आली आणि दारातच थबकली.

“बाई गं! हे कोण?”

“संगिताताई.”

“ताई एवढी गोरीपान, अन् तिचं हे काहून केलं तू?”

“तिच्या लग्नाला आलती ना तू? ती निघाली तवा काय ऐकलं?”

“ढावलो ऐकला. आमच्या गल्लीतल्या सगळ्या आल्या होत्या. आमची माय घरी येऊन बी रडली. म्हणे, काय गळा हाय लेकराचा, असं रडणं जन्मात ऐकलं न्हाई.”

“तेच,” ज्योती म्हणाली. “सगळ्यायनं गळाच ऐकला.”

मित्रांनो, ढावलो तुम्हाला सांगायला हवा, नाहीतर माझं तोंड तुम्हालाही कळणार नाही. तांड्यावर नवरी सासरी निघते तेव्हा ती घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते आणि गात रडते. त्या रडगाण्याला ढावलो म्हणतात. नवरी म्हणते, मला का धाडता, मी काय तुम्हाला जड झाले. बाया तिला बिलगून सूर धरतात. हे आपोआप येत नाही, लग्नाचं बोलणं सुरू झालं की जाणत्या बाया मुलीला शेजारी बसवून शिकवतात. जी चांगली रडते तिचं नाव होतं. फार जुनी, फार देखणी रीत आहे ती. मी तिला नावं ठेवत नाही, पुठ्ठ्याची काय बिशाद! पण विचार करा. ज्या दिवशी सगळ्यांनी रडायचंच असतं, त्या दिवशी एखादी खरंच नको म्हणून रडत असेल तर ते कोणाला कळणार?

संगिताला जायचं नव्हतं. तिला अकरावीला जायचं होतं. वय अठराच्या आत. आधी दोनदा तिनं हळूच सांगून पाहिलं होतं, कोणी मनावर घेतलं नाही. म्हणून निघताना, वडिलांच्या गळ्यात पडून, तिनं ढावल्याच्या सुरात खरंखुरं सांगितलं. आणि सगळा मांडव म्हणाला, व्वा!

हे सारं ज्योतीनं आकांक्षाला सांगितलं तेव्हा आकांक्षा तिच्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, “अन् आता तुझं?”

“म्हणून तर काढून राहिले. पाहुण्यायच्या हातात जाईल, सगळा गाव पाहील. कोणीतरी इचारलंच ना, ही काहून ओरडून राहिली म्हणून?”

बघा, केवढी आशा! त्या एका प्रश्नावर तिनं सगळा डाव लावला होता. मी तर छाती फुगवून शाळेत गेलो.

शिक्षकांच्या खोलीत मला टेबलावर ठेवलं तेव्हा खोलीतला चहा थांबला. मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला, खाली केला.

“हे काय हो खिल्लारे? भूत?”

“मुखपृष्ठ हाय सर. ज्योतीनं काढलं. भाव बघा तिचा.”

“भाव बघून लेकरं तापीनं पडतील. अहो, हे शाळेचं हस्तलिखित हाय का ठाण्यातली फिर्याद?” मग ते खाली वाकले, नीट पाहू लागले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “ही... प्रेमदासची थोरली पोरगी न्हाई का? हनुवटीवर गोंदण तेच.”

 भिंतीवरचं घड्याळ तेवढं निर्लज्जासारखं टिकटिक करत होतं.

“त्या लग्नात अक्षता टाकायला कोण उभे होते, ठाऊक हाय ना तुम्हाला? तेच आपले प्रमुख पाहुणे. मी बी बाजूलाच होतो. अन् हे त्यांच्याच हातात द्यायचं? झाका ते.”

“सर, लेकरानं जीव ओतला...”

“खिल्लारे, झाका. हंस कुठं गेला आपला?”

हंस सापडला. कॅलेंडरवरून कापलेला, कमळांच्या तळ्यात मान वाकडी करून पोहणारा. आणि मित्रांनो, मला चिकटवला कोणी? ज्यांनी मला काविळीची तोंडं दाखवली, अंगावर धावून जा म्हणाले, त्याच खिल्लारे सरांनी. माझ्या तोंडावर गार खळ फासताना ते पुटपुटले, “नोकरी हाय बाबा.” ते मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. फेव्हिकॉलची भरलेली बाटली शेजारीच होती. त्यांनी पातळ खळच का वापरली, हे कोडंही मला आजवर सुटलेलं नाही.

ज्योतीला सांगितलं गेलं, “तुझं चित्र आत हाय, सुरक्षित हाय.” तिनं वरचा हंस पाहिला आणि एक शब्द बोलली नाही. जी मुलगी भर वर्गात हंसाचं मरण विचारते ती गप्प बसली की समजावं, काहीतरी मोडलंय.

हंसाखाली राहणं कसं असतं? तुमच्या तोंडावर कोणीतरी सदोदित हसरा हात दाबून धरला आहे, असं. पण एक गोष्ट त्या शहाण्यांच्या लक्षात आली नव्हती. पाण्याचा रंग वाळतो आणि गप्प बसतो. ऑइल बसत नाही. ते सरकत राहतं. माझं तोंड आतल्या आत पसरत होतं, खळीतून, कागदातून, हळूहळू वर.

संमेलनाच्या दिवशी मैदानात मांडव, लाऊडस्पीकर, पहिल्या रांगेत खुर्च्या. प्रमुख पाहुण्यांनी ‘मुलींना शिकवा, मुली म्हणजे दोन्ही घरचा दिवा’ असं जोरकस भाषण केलं. मग मला ताटात घालून आणलं, रेशमी फीत सुटली, कॅमेरे पुढं आले, आणि पाहुणे एकदम म्हणाले, “हे काय, हंसाला काय झालं?”

हंसाच्या पांढऱ्याशुभ्र पोटावर एक काळा डाग उमटला होता. उघड्या तोंडाच्या आकाराचा. पाहुण्यांनी अंगठ्यानं पुसायला पाहिलं. खळ पातळ, कागद तेलानं भिजलेला. हंस सरकला, सुरकुतला आणि तळ्याकमळांसकट त्यांच्या हातात आला.

मुख्याध्यापकांचा चेहरा माझ्यापेक्षा हिरवा झाला.  समोर विद्यार्थ्यांत बसलेली ज्योती अर्धी उठून उभी होती, आणि आकांक्षानं तिचा हात गच्च धरला होता. मी पाहुण्यांच्या डोळ्यांत थेट पाहत होतो. हा माणूस त्या दिवशी ह्या तोंडापासून हातभर अंतरावर उभा होता. त्यानं तांदूळ टाकले होते. आता ओळखेल. आता विचारेल.

पाहुण्यांनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

“व्वा!” ते माईकमध्ये म्हणाले. “याला म्हणतात कला! काय रंग, काय भाव! दुष्काळानं होरपळलेली ही आपली धरणीमाता टाहो फोडून राहिली. कोणी काढलं हे? अशी रत्नं आपल्या मातीत हायेत. होऊ द्या टाळ्या!”

आणि टाळ्या पडल्या. कडाडून पडल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, सुटकेच्या. ज्योती ओरडत होती, “धरणीमाता न्हाई ती! माझी बहीण हाय, माझी बहीण!” तिचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. अगदी माझ्यासारखी दिसत होती. पण टाळ्यांत ऐकू कोणाला येतं? लोकांना वाटलं, पोरीला आनंद झाला. तिला मंचावर ओढून नेलं, पाहुण्यांनी एक पेन दिला, फोटो काढला, आणि लगेच पाचवीच्या मुलांचं कोळीनृत्य सुरू झालं.

मित्रांनो, माझ्यावर हंस चिकटवला तेव्हा मला राग आला होता. पण हंस निघाल्यावर जे झालं त्यानं मी खरा कडू झालो. झाकलेलं तोंड कधीतरी उघडेल अशी आशा असते. वाहवा केलेल्या तोंडाला कसलीच आशा उरत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण कपाटात सांगण्यासारखं काही घडत नाही. माझ्या उजव्या कानाशी पालीनं अंडी घातली. खालून वाळवी आली, तिनं ‘माझी अविस्मरणीय सहल’ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली. निदान एक वाचक तरी भेटला! मग बोर्डाची परीक्षा आली, खोल्या रिकाम्या करायच्या म्हणून कपाटं उपसली, आणि आम्ही सगळे रद्दीच्या ढिगात येऊन पडलो. शेवटचा पेपर देऊन निघालेल्या ज्योतीला ढिगातून डोकावणारी लाल ओढणी दिसली. तिनं मला ओढून काढलं. खिल्लारे सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली. पाठ फिरवूनच म्हणाले, “घेऊन जा. म्या काही पाहिलं न्हाई.”

ज्योती म्हणाली, “तुमी पाहिलं होतं सर. तुमीच तर पाहिलं होतं.”



घरी तिनं मला मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीवर, भिंतीला टेकवून उभं केलं. नानीबाई पाण्याची घागर घेऊन आत आली आणि मला पाहून तिचं पाऊल अडलं. घागर कमरेवरच राहिली. किती वेळ ती बघत होती!

“संगी अशी दिसत न्हाई,” ती शेवटी म्हणाली.

ज्योतीनं ओढणीच्या टोकानं माझ्यावरची वाळवीची माती पुसली.

“अशीच दिसत व्हती,” नानीबाई मग स्वतःशीच म्हणाली. तिनं घागर खाली ठेवली, माझ्याजवळ आली, आणि मला उलटं करून भिंतीकडं तोंड करून ठेवलं. हलक्या हातानं, एखाद्या लेकराला कुशीवर वळवावं तसं. तिच्यावर मला रागवायचं होतं. जमलं नाही.

म्हणून इथून पुढचं मी पाहिलेलं कमी आणि ऐकलेलं जास्त. ऐकलं ते हे, की गाडी चालवणाऱ्या मुलाकडची माणसं येत्या आठवड्यात ज्योतीला पाहायला येणार. प्रेमदास खुशीत होते. हा माणूस दुष्ट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. त्याचा लेकींवर जीव होता. संगिता गेली त्या दिवशी तो ट्रॅक्टरमागं जाऊन रडला होता, आणि तेव्हापासून फाट्यावर चहा पिताना जो भेटेल त्याला सांगायचा, “आमच्या संगीसारखा ढावलो पाच तांड्यांत न्हाई.” इतका अभिमान! आता संगिताचं नाव एवढं झालं होतं, की दूरदूरच्या तांड्यांवरून बाया आपल्या नवऱ्या मुलींना शिकवायला तिलाच बोलावत. आणि ज्योतीसाठी तर काय, सख्खी बहीणच.

संगिता आली. सेनगाव तालुक्यात, साखऱ्याजवळच्या तांड्यावर तिला दिलं होतं. काखेत लेकरू, आवाज पहिल्यापेक्षा जड. आत येऊन तिनं लेकराला गोधडीवर टाकलं आणि विचारलं, “हे उलटं काय ठेवलं गं?” आणि मला फिरवलं.

मित्रांनो, मी आणि ती, आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मी तिच्यासारखा दिसत नव्हतो. ती हसरी, गुटगुटीत, कपाळाला मोठं कुंकू. पण तिनं बोट पुढं केलं आणि माझ्या काळ्या तोंडावर ठेवलं.

“कोणी सांगितलं तुला हे?” ती ज्योतीला म्हणाली.

“कोणी न्हाई. म्या ऐकलं व्हतं. तवा.”

“तू एकटीनंच ऐकलं मंग.” संगिता गोधडीवर बसली. “म्या बापूच्या गळ्यात पडून म्हणले, बापू मला धाडू नका, माझं पुस्तक उघडंच हाय. खरंच म्हणून राहिले होते. अन् काकी म्हणली, बाई, काय ओळ जुळवली! आता ती ओळ सगळ्या पोरी म्हणतात. मीच शिकवते.” ती हसली. ते हसू ऐकून मला कपाटातली वाळवी बरी वाटली. “चल ये. तुला बी शिकवते. याडीनं त्यासाठीच बोलावलं.”

मित्रांनो, गोष्ट संपत आली. माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला जपून ठेवा, पुसून ठेवा, रद्दीत देऊ नका, असलं मी काही मागणार नाही. ठेवलंत काय, जाळलंत काय, जळकं ऑइलच आहे अंगात, चांगला पेटेन. एवढंच करा. पुढं कधी कुठल्या मुखपृष्ठावरून, भिंतीवरून, वहीच्या मागल्या पानावरून एखादं तोंड तुमच्या अंगावर ओरडत आलं, तर लगेच ‘रंग छान’ म्हणू नका. टाळी तर मुळीच वाजवू नका. विचारा, ही कोण आहे. काढणारी जवळपासच उभी असते.

त्या संध्याकाळी अंगणात बाज टाकली होती. ज्योतीनं मला आतून आणून बाजेच्या उशाशी उभं केलं, तोंड अंगणाकडं. शेजारच्या काकी आल्या, चुलत्या आल्या. प्रेमदास उंबऱ्यावर बसून लेकीच्या लेकराला खेळवत होते. नानीबाई चुलीपाशी. संगितानं ज्योतीला शेजारी बसवलं, एक हात तिच्या गळ्यात टाकला, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. काय तो आवाज! तांड्यावरची कुत्रीसुद्धा गप्प झाली.

ओळ संपली. आता ज्योतीनं ती मागून म्हणायची होती.

ज्योती गप्प.

“लाजून राहिली,” काकी म्हणाल्या. “म्हण ना पोरी. पयल्यांदा जड जातं.”

संगितानं पुन्हा ओळ उचलली. ज्योती पुन्हा गप्प. मग तिनं बहिणीचा हात हळूच गळ्यातून काढला, आपल्या हातात धरून ठेवला, आणि उभी राहिली. डोळे कोरडे. आवाज साधा, वर्गात हजेरी देताना असतो तेवढाच.

“याडी, बापू, मी ढावलो शिकणार न्हाई. ताईनं गाऊन सांगितलं, ते तुमी ऐकलं न्हाई. म्या चित्रात काढून सांगितलं, त्याला बी लोकायनं टाळ्या वाजवल्या. आता मी गाणार न्हाई, काढणार न्हाई, रडणार बी न्हाई. मला आत्ता लग्न करायचं न्हाई. मी अकरावीला नाव घालणार हाय. ते लोक आले, तर त्यायच्यासमोर बी मी हेच, असंच बोलून सांगणार हाय.”